आरोपच नाही, मग उपोषण कशासाठी?

तुमच्या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. ज्याच्यावर आरोपच ठेवलेला नाही असा कैदी उपोषण करून नेमकं काय मागतो? कुणी साठ-सत्तर दिवसांत मरणाच्या दारात पोचतो आणि कुणाच्या नावावर सहा महिन्यांचं उपोषण छापून येतं, यातलं खरं काय? आणि नाकातून नळी घालून अन्न देणं म्हणजे शेवटी जीव वाचवणंच, मग डॉक्टरांच्याच संघटना त्याला विरोध का करतात? कोठडीतल्या रुग्णांवर उपचार करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे शरीराबद्दल जरा सविस्तर लिहीन. पण सुरुवात मागणीपासून करतो. मागणी समजली नाही तर वैद्यकीय निर्णयही चुकतात.

बहुतेक वेळा मागणी एका तारखेची असते.

शिक्षा झालेल्या कैद्याला आपण कधी सुटणार ते ठाऊक असतं. कच्च्या कैद्याजवळ निदान आरोपपत्र असतं, पुढची तारीख असते, वकिलाला खोडून काढता येईल असा साक्षीपुरावा असतो. स्थानबद्धाजवळ यातलं काहीच नसतं. पुढे तो काहीतरी करील, या अंदाजावर त्याला आत ठेवलेलं असतं, आणि जे अजून घडलेलंच नाही ते आपण करणार नव्हतो हे सिद्ध करायचं तरी कसं? इस्रायलने व्यापलेल्या वेस्ट बँक या पॅलेस्टिनी प्रदेशात इस्रायलचा लष्करी कमांडर सहा महिन्यांपर्यंतचा आदेश काढतो आणि मुदत संपत आली की नवा काढतो. असे किती आदेश काढावेत याला मर्यादा नाही. लष्करी न्यायाधीश आदेश तपासतो, पण आदेशामागची माहिती बहुतांशी गोपनीय असते. कैद्याला आणि त्याच्या वकिलाला मोघम सारांशावर समाधान मानावं लागतं. पॅलेस्टाइनवर ब्रिटिशांचा अंमल असताना १९४५ साली आणीबाणीचे जे नियम झाले, त्यांतून ही पद्धत आली आहे. सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही. पुरावा उघड केला तर खबऱ्याचा जीव जाऊ शकतो, आणि काही कैद्यांचे सशस्त्र संघटनांशी संबंध खरेच असतात. चौथ्या जिनिव्हा करारातलं कलम ७८ व्यापलेल्या प्रदेशात अशा स्थानबद्धतेला वाव देतं, पण तो सुरक्षेसाठी अटळ असेल तेव्हाचा अपवाद म्हणून. २०२३ च्या ऑक्टोबरनंतर अशा कैद्यांची संख्या तीन हजारांच्या पुढे गेली. एवढ्या आकड्याला अपवाद म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता उपोषणं कशी संपली ते पाहा. खादर अदनान हा जेनिनजवळच्या अराबा गावचा, बेकरीचा व्यवसाय असलेला माणूस आणि इस्लामिक जिहाद या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेचा कार्यकर्ता. २०११ च्या डिसेंबरात त्याने अन्न सोडलं आणि ६६ दिवसांनी, २१ फेब्रुवारी २०१२ रोजी उपोषण मागे घेतलं. ठरलं ते एवढंच, की नवा पुरावा पुढे आला नाही तर आदेश वाढवायचा नाही आणि १७ एप्रिलला सोडायचं. पत्रकार मोहम्मद अल-कीक ९४ दिवस उपाशी राहिला. २१ मे २०१६ ही तारीख मिळाल्यावर थांबला. माहेर अल-अख्रस १०३ दिवसांनी थांबला, तारीख मिळाली २६ नोव्हेंबर २०२०. हिशाम अबू हव्वाशने १४१ दिवसांनी, २६ फेब्रुवारी २०२२ या तारखेवर तोंडात घास घेतला. यांतल्या कुणालाही निर्दोष ठरवलं गेलं नाही, कुणाच्या फाइलीतली गोपनीय माहिती उघड झाली नाही, कायद्याचा एक शब्दही बदलला नाही. जे मिळालं ते कॅलेंडरवरचं एक पान. हना शलबीला २०१२ मध्ये ४३ दिवसांच्या उपोषणानंतर सुटका मिळाली, पण वेस्ट बँकमधल्या घरी जाता आलं नाही. तीन वर्षांसाठी गाझात राहण्याची अट मान्य करावी लागली.

हेच एकत्रितपणे करायला गेलं की बहुधा फसतं, आणि याची चर्चा फारशी होत नाही. २०१४ च्या २४ एप्रिलला आरोपाविना ठेवलेल्या पॅलेस्टिनी कैद्यांनी ही पद्धतच बंद करा म्हणून सामूहिक उपोषण सुरू केलं. ते दोन महिने चाललं आणि मूळ मागणी पदरात न पडताच संपलं. आयर्लंडमध्ये यादवी युद्ध संपल्यावरही हजारो प्रजासत्ताकवादी खटल्याविना तुरुंगात होते. १९२३ च्या ऑक्टोबरात त्यांतले सात-आठ हजार जण उपोषणाला बसले. आठवडाभरातच गळती लागली, नोव्हेंबरात दोघे मरण पावले आणि उपोषण मागे घ्यावं लागलं. एका माणसाला तारीख देऊन सरकार प्रकरण मिटवू शकतं. हजारांना तारखा देणं म्हणजे ती व्यवस्थाच मोडीत काढणं. शिवाय मोठ्या गटात काही जण मनापासून उतरलेले असतात आणि काही जण बराकीच्या भीडेपोटी. डॉक्टर म्हणून मला या दुसऱ्यांचीच जास्त काळजी वाटते.

उपोषणापुरती सुटका, ही सरकारांची जुनी युक्ती आहे. मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रिया तुरुंगात अन्न नाकारू लागल्या, तेव्हा ब्रिटनने १९१३ मध्ये कायदाच केला: अशक्त झाली की सोडा, बरी झाली की पुन्हा धरा. लोकांनी त्याला ‘मांजर-उंदराचा कायदा’ असं नाव ठेवलं. इस्रायली सर्वोच्च न्यायालयाने १९ ऑगस्ट २०१५ रोजी मोहम्मद अल्लान या पॅलेस्टिनी कैद्याची स्थानबद्धता ‘स्थगित’ केली. साठाहून अधिक दिवसांच्या उपोषणामुळे मेंदूला इजा झाल्याचं तपासणीत दिसलं होतं. तो सावरला आणि सप्टेंबरात रुग्णालयातून बाहेर पडतानाच पुन्हा पकडला गेला. अल-अख्रसचाही आदेश मध्येच स्थगित झाला होता, पण स्थगिती म्हणजे सुटका नव्हे हे ओळखून त्याने उपोषण चालू ठेवलं.

पुण्याच्या आगाखान पॅलेसमधलं गांधीजींचं १९४३ चं उपोषण याच जातीचं होतं, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. ९ ऑगस्ट १९४२ पासून ते खटल्याविना अटकेत होते. देशभरच्या हिंसाचाराचं खापर सरकार काँग्रेसवर फोडत होतं आणि गांधीजी म्हणत होते, माझी चूक मला पटवून द्या. १० फेब्रुवारीपासून एकवीस दिवस, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. उपोषणाच्या काळापुरती सुटका सरकारने देऊ केली आणि त्यांनी ती घेतली नाही. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी उपोषणाला राजकीय ब्लॅकमेल म्हटलं, तर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातून होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि आपले लोकनायक बापूजी अणे यांनी राजीनामे दिले. यात एक वैद्यकीय गोष्टही आहे. प्रकृती गंभीर झाल्यावर पाण्यात मोसंबीचा थोडा रस घातला गेला. तेव्हाही कुत्सित शेरे मारणारे होतेच. ते बरोबर होते का, याचं उत्तर पुढे येईलच.

अन्न बंद झाल्यावर पहिल्या दिवस-दोन दिवसांत यकृतातला साखरेचा साठा संपतो. मग शरीर स्नायूंतली प्रथिनं मोडून साखर बनवतं आणि वजन झपाट्याने उतरतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चरबीपासून बनणारे कीटोन वाढत जातात, मेंदू हळूहळू त्यांच्यावर भागवू लागतो, स्नायूंची झीज मंदावते. भुकेची कळही याच सुमारास ओसरते. ‘भूक सहन होईना म्हणून सोडलं’ असं दुसऱ्या आठवड्यानंतर क्वचितच ऐकू येतं. मूळ वजनाच्या दहा टक्के घट झाली की रोजच्या रोज तपासणी हवी. अठरा टक्क्यांच्या आसपास गंभीर गुंतागुंत कधीही उभी राहते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उभं राहताना भोवळ येते, नाडी मंदावते, सतत थंडी वाजते, पाणीसुद्धा नकोसं होतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात डोळ्यांच्या स्नायूंवरचा ताबा जातो: बुबुळं थरथरतात, एकाची दोन दिसतात, गरगरतं आणि उलट्या थांबत नाहीत. संपूर्ण उपोषणातला सर्वांत हाल करणारा काळ हाच. त्यानंतर उलट्या थांबतात, माणूस शांत दिसतो आणि भेटीला आलेल्या घरच्यांना वाटतं, बरं वाटतंय वाटतं. इथेच सर्वाधिक फसगत होते. पुढे गुंगी, बहिरेपण, अंधत्व येतं, आणि हृदय कोणत्याही क्षणी थांबू शकतं. उत्तर आयर्लंडमध्ये १९८१ साली उपोषणात मरण पावलेले दहा जण ४६ ते ७३ दिवसांत गेले. ते शिक्षा भोगणारे कैदी होते, आरोपाविना ठेवलेले नव्हते. पण केवळ पाण्यावर आणि मिठावर माणूस किती तग धरतो याचा अंदाज आजही त्यांच्यावरूनच बांधला जातो.

मग १४१ दिवस कसे? कोण काय घेतो त्यावर सगळं अवलंबून असतं. कुणी फक्त पाणी आणि मीठ घेतो, कुणी त्यात साखर घालतो, कुणी जीवनसत्त्वं घेतो, कुणी रुग्णालयात काही दिवस सलाईन लावू देतो आणि मग तेही नाकारतो. खलील अवावदेहचं २०२२ मधलं उपोषण मार्चपासून ऑगस्टअखेरपर्यंत चाललं, मध्ये काही दिवसांचा खंड पडला होता. शेवटच्या छायाचित्रांत त्याची बरगडी न् बरगडी मोजता येत होती. दिवसाला शंभर ग्रॅम साखर म्हणजे ४०० कॅलरी. तेवढ्याने प्रथिनांची झीज बरीच कमी होते आणि आठवडे वाढतात, पण शरीर स्वतःलाच खात राहतं. त्याला ‘खोटं उपोषण’ म्हणणाऱ्याला उपोषण कळलेलं नाही. मागणी मान्य व्हायला वेळ लागतो आणि वाटाघाट करायला माणूस शुद्धीत असावा लागतो. साखर-मीठ घेणारा कैदी हा हिशेब मांडूनच बसलेला असतो.

ब-१ जीवनसत्त्वाबद्दल मात्र मी आग्रही आहे. त्याचा शरीरातला साठा काही आठवड्यांतच संपतो, आणि तो संपल्यावर मेंदूला होणारी इजा बऱ्याचदा भरून येत नाही. तुर्कस्तानात १९९६ च्या उपोषणात बारा कैदी मेले. जे वाचले त्यांच्यातल्या अनेकांची नवी स्मृती साठवण्याची शक्ती गेली, चालताना तोल जाऊ लागला. २००० पासूनच्या उपोषणात ब-१ घेतल्यामुळे दिवस लांबले, पण पुढे बाहेर आल्यावर असे विकलांग झालेले कितीतरी जण दिसले. कैद्याला मी हे पहिल्याच भेटीत सांगतो: ही गोळी म्हणजे अन्न नाही, तुमचा शब्द मोडत नाही, आणि ज्या सुटकेसाठी बसला आहात ती झाल्यावर मुलांची नावं लक्षात राहायला हवीत. बहुतेक जण घेतात. जो घेत नाही त्याला पुन्हा विचारतो.

इथून डॉक्टरांचा प्रश्न सुरू होतो. जागतिक वैद्यकीय संघटनेचा १९९१ चा माल्टा जाहीरनामा (शेवटची सुधारणा २०१७) सांगतो की समजून-उमजून आणि स्वेच्छेने अन्न नाकारणाऱ्याला सक्तीने भरवणं कधीही नैतिक ठरत नाही. ‘समजून-उमजून’ आणि ‘स्वेच्छेने’ हे ठरवायचं कसं, यातच सगळी कसोटी आहे. पहारेकऱ्यासमोर ते ठरत नाही. सहकैद्यांसमोर तर त्याहून नाही. एकट्याशी, दुभाषा लागला तर तो तुरुंगाबाहेरचा, आणि एकाहून अधिक वेळा बोलावं लागतं. नैराश्य आहे का, तेही पाहावं लागतं. पण उपोषण म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न, असं गृहीत धरणारा डॉक्टर सुरुवातच चुकीची करतो. माझ्या पाहण्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला जगायचं होतं, फक्त या अनिश्चिततेत नाही. ‘बेशुद्ध झालात तर मी काय करू?’ हा प्रश्न शुद्धीत असतानाच विचारून उत्तर लिहून ठेवावं लागतं, आणि ते कधीही बदलता येईल हेही सांगावं लागतं. ती इच्छा पाळणं ज्या डॉक्टरला शक्य नाही, त्याने आधीच दुसऱ्याच्या हाती सूत्रं द्यावीत. शेवटच्या रात्री नव्हे. आणखी एक, जे नियमपुस्तकात वाचून कळत नाही: काही कैदी सर्वांसमोर ठाम नकार देतात आणि एकांतात सांगतात, मला मरू देऊ नका. तशी संमती असेल तर नळीतून दिलेलं अन्न हा उपचारच आहे. संमतीविना तीच नळी वेगळी गोष्ट होते. विश्वास नसेल तर हा फरक कुणाला कधी कळणारच नाही. म्हणूनच उपोषणाला बेशिस्त समजून भेटी बंद करणं, एकांत कोठडीत टाकणं किंवा मीठ काढून घेणं, हे तुरुंगाला वाटतं तितकं उपयोगाचं नसतं. त्यातून निर्धार वाढतो आणि डॉक्टरशी बोलणं बंद होतं.

सक्तीने भरवण्याचा सर्वांत लांब आणि सर्वांत पद्धतशीर प्रयोग ग्वांतानामोत, म्हणजे क्यूबातल्या अमेरिकी लष्करी तुरुंगात झाला. ११ जानेवारी २००२ ला तिथे पहिले कैदी आले. त्यांना दाद मागायला अमेरिकी न्यायालय खुलं आहे की नाही, हाच वाद २००४ आणि २००८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांपर्यंत चालला. २००५ च्या मोठ्या उपोषणानंतर तिथे पट्टे असलेल्या खुर्च्या आल्या. हात, पाय, डोकं जखडायचं, नाकातून नळी पोटापर्यंत घालायची, पौष्टिक द्रव सोडायचा, ओकून टाकू नये म्हणून तसंच बसवून ठेवायचं, नळी काढायची; दिवसातून दोनदा. अल जझीराचा कॅमेरामन सामी अल-हाज जानेवारी २००७ पासून मे २००८ मध्ये सुटेपर्यंत उपोषणावर होता आणि त्याला असंच भरवलं जात होतं. त्याच्यावर कधीच आरोप ठेवला गेला नाही. २०१३ मध्ये तिथल्या १६६ कैद्यांपैकी १०६ जण उपोषणावर असल्याचं लष्करानेच मोजलं होतं. या १६६ पैकी ८६ जणांना सोडायला हरकत नाही, असं अमेरिकी सरकारनेच आधी ठरवलेलं होतं. म्हणजे सोडायचं ठरलेल्या माणसांनाही तारीख मिळत नव्हती. २३ मे २०१३ च्या भाषणात ओबामांना या भरवण्याचा उल्लेख करावा लागला, काही महिन्यांत थांबलेल्या सुटका पुन्हा सुरू झाल्या, आणि डिसेंबरात लष्कराने उपोषणाचे आकडे देणं बंद केलं. २०१४ मध्ये नौदलाच्या एका परिचारकाने नळी घालायला नकार दिला. त्याला काढून टाकण्याची हालचाल झाली आणि पुढे ती सोडून देण्यात आली.

नळी श्वासनलिकेत गेली तर काय होतं, ते जतींद्रनाथ दासांमुळे आपल्याला माहीत आहे. भगतसिंगांवरच्या लाहोर खटल्यातले ते कच्चे कैदी. १९२९ च्या जुलैत त्यांनी अन्न सोडलं, सक्तीने दूध पाजताना फुप्फुसाला इजा झाली आणि ६३ व्या दिवशी, १३ सप्टेंबरला ते गेले. १९८० मध्ये इस्रायलच्या नफ्हा तुरुंगातल्या उपोषणात सक्तीने भरवल्यावर दोन पॅलेस्टिनी कैदी मेले. तरीही ३० जुलै २०१५ ला इस्रायली संसदेने ४६ विरुद्ध ४० मतांनी न्यायालयाच्या परवानगीने सक्तीने भरवण्याचा कायदा केला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. इस्रायली वैद्यकीय संघटनेने मात्र आपल्या सदस्यांना त्यात सहभागी होऊ नका असं सांगितलं. त्या देशातलं वातावरण पाहता ही साधी गोष्ट नव्हती. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००५ मध्ये युक्रेनविरुद्धच्या एका प्रकरणात, वैद्यकीय गरज सिद्ध न करता बेड्या घालून नळीने भरवणं म्हणजे छळ, असं म्हटलं. गरज सिद्ध असेल तर काय, याबाबत ते न्यायालय आणि डॉक्टरांची जागतिक संघटना यांचं एकमत नाही. मी संघटनेच्या बाजूने आहे.

जीव वाचवण्यासाठीच नळी, हा युक्तिवाद मला आणखी एका कारणाने पटत नाही. सक्तीने भरवलं की सरकारवरचा वेळेचा दाब नाहीसा होतो. कैदी मरत नाही, म्हणून उत्तर देण्याची घाई नाही. ग्वांतानामोत काही जण वर्षानुवर्षं या अवस्थेत राहिले. डॉक्टरच्या हातून आदेशाची मुदत वाढत जाते.

खादर अदनानचा शेवट याच्या अगदी उलट्या टोकाचा. ५ फेब्रुवारी २०२३ ला पुन्हा अटक झाली तेव्हा तो स्थानबद्ध नव्हता. दहशतवादी संघटनेचं सदस्यत्व आणि चिथावणी असे आरोप त्याच्यावर ठेवले होते. त्याने त्याच दिवसापासून अन्न सोडलं. या वेळी स्थगित करायला आदेश नव्हता, वाढवू नये असं ठरवायला मुदत नव्हती, लष्करी न्यायालय जामीन देत नव्हतं. आधीच्या उपोषणांत ज्या फटीतून वाट निघाली होती ती फटच उरली नव्हती. तो तपासणीही नाकारत होता. भेटायला गेलेल्या स्वयंसेवी संस्थेच्या डॉक्टरांनी, हा मरेल, याला रुग्णालयात हलवा, असं लिहून दिलं होतं. २ मे रोजी, ८६ दिवसांनंतर, तो कोठडीत बेशुद्ध सापडला आणि मरण पावला.

तुम्ही विचारलं नाही, पण वकील किंवा नातेवाईक वाचत असतील तर एवढं हवंच. तारीख मिळाली, उपोषण सुटलं, की धोका संपत नाही. इतक्या दिवसांनी साखर आत गेली की इन्शुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत खेचलं जातं आणि हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेली माणसं भरपेट जेवून मेली, ती अशीच. आधी ब-१, मग अन्न. सुरुवातीला किलोमागे दहा कॅलरींच्या आसपास, खूप खंगलेल्याला त्याच्या निम्मं, आणि रोज रक्त तपासून हळूहळू वाढ. याला आठवडा-दहा दिवस रुग्णालय लागतं. करार लिहिताना सगळ्यांचं लक्ष सुटकेच्या तारखेवर असतं आणि या दहा दिवसांची खाट लिहून घ्यायची राहते. मग उपोषण सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी माणूस कोठडीत परत जातो आणि समोर तुरुंगाचं नेहमीचं ताट येतं. ती ओळ तारखेच्या वर लिहून घ्या.